देणगीचा रुपया केवढ्याला पडतो? नव्या संस्थेसाठी निधी उभारणीचा हिशेब

नव्या संस्थेच्या पहिल्या-दुसऱ्या सभेत निधीचा विषय निघाला की एक सूचना हमखास येते: "नाटकाचा चॅरिटी शो लावू, लाखभर सहज सुटतील." कधीकधी सुटतातही. पण ते सुटायला किती खर्च आला, किती जणांचे किती रविवार गेले आणि उरलेले पैसे कशावर वापरता येतील, हे सहसा कुणी मांडून बघत नाही. निधी उभारणीचे बरेचसे अर्थशास्त्र या तीन प्रश्नांत येऊन जाते. आलेला प्रत्येक रुपया काहीतरी किंमत मोजून आलेला असतो, आणि बहुतेक रुपयांना कुणाची ना कुणाची अट चिकटलेली असते.

खालचा क्रम महाराष्ट्रात नोंदलेल्या, वर्षाला पाच-दहा लाखांची गरज असलेल्या लहान संस्थेला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. एक खुलासा आधीच केलेला बरा. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. मात्र संस्था, सीए आणि देणगीदार अजून "८०जी" (देणगीदाराची करसूट) आणि "१२ए" (संस्थेची करसूट) असेच बोलतात, म्हणून इथेही जुनेच क्रमांक ठेवले आहेत. पोर्टलवर भरताना नवा क्रमांक आणि मुदत सीएकडून ताडून घ्या.

पायरी १: कागद आधी, आवाहन नंतर

महाराष्ट्रात बहुतेक संस्था दोनदा नोंदल्या जातात: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली, त्यासाठी किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली. दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात. प्रमाणपत्रे हातात आली की संस्थेच्या नावाने पॅन काढायचे आणि किमान दोन सह्यांचे बँक खाते उघडायचे. हे होईपर्यंत "तात्पुरते माझ्या नंबरवर पाठवा" असे म्हणून अध्यक्षांच्या जीपेवर पैसे घेऊ नका. ते पैसे कागदोपत्री अध्यक्षांचेच उत्पन्न दिसतात, त्यांची पावती संस्थेला देता येत नाही, आणि पुढे ते संस्थेच्या खात्यात वळवले की ती अध्यक्षांची देणगी ठरते. मूळ पन्नास देणगीदार हिशेबातून गायब होतात.

मग आयकर खात्याकडे दोन अर्ज करायचे: १२एबी (बोलण्यात १२ए) म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट, आणि ८०जी म्हणजे देणगीदाराला सूट. नव्या संस्थेला फॉर्म १०ए वर तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. ती तशी सहज मिळते, आणि गाफीलपणा तिथूनच सुरू होतो. पक्क्या नोंदणीचा अर्ज फॉर्म १०एबी वर, तात्पुरती मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातले जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. पुष्कळ संस्था "तीन वर्षे आहेत की" म्हणून बसतात, काम मात्र पहिल्याच महिन्यात सुरू झालेले असते. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण ती मागावी लागते, कारण पटवावे लागते, आणि तोवर मोठा देणगीदार थांबत नाही.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करा. बँक, कंपनी, मोठा ट्रस्ट, कुणीही असो, धर्मादाय कार्यालयाचा शेड्यूल-१ चा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेला, ताजा उतारा मागतात. त्यावर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचे नाव असेल तर प्रस्ताव तिथेच अडकतो.

संस्था नसलेल्या, फक्त एका निमित्ताने वर्गणी गोळा करणाऱ्यांनी, म्हणजे गणेशोत्सव मंडळ किंवा पूरग्रस्तांसाठी फेरी काढणारे तरुण यांनी, त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१क खाली तात्पुरती परवानगी घ्यायची असते आणि नंतर हिशेब द्यायचा असतो. परवानगीचा क्रमांक पावतीवर छापा. दुकानदार आता तो बघतात.

पायरी २: अंदाजपत्रक पूर्ण खर्चाचे

समजा संस्था दोन वस्त्यांत संध्याकाळची अभ्यासिका चालवणार आहे, मुले १२०. चार शिक्षिकांचे मानधन महिना ८,००० रुपये प्रत्येकी, म्हणजे वर्षाचे ३,८४,०००. दोन खोल्यांचे भाडे महिना प्रत्येकी ४,००० प्रमाणे ९६,०००. वह्या, पुस्तके, फळा, बॅटरीचे दिवे ६०,०००. एकूण ५,४०,०००. भागिले १२०, एका मुलामागे ४,५०० रुपये. लगेच पत्रक छापले जाते: "फक्त ४,५०० रुपयांत एका मुलाचे वर्ष."

आता राहिलेले लिहा. अर्धवेळ हिशेबनीस महिना ६,००० म्हणजे ७२,०००. लेखापरीक्षणाची फी २५,०००. फोन, प्रवास, छपाई, पोर्टलची कामे ४३,०००. हे झाले १,४०,०००. पूर्ण खर्च ६,८०,०००, आणि एका मुलामागे ५,६६७ रुपये. म्हणजे ४,५०० रुपयांचा प्रत्येक प्रायोजक संस्थेला १,१६७ रुपयांचा खड्डा पाडून जातो. शंभर टक्के मुलांना प्रायोजक मिळाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तरी वर्षअखेर १,४०,००० कमीच पडणार. ही तूट मग कुणीतरी विश्वस्त खिशातून भरतो, किंवा हिशेबनीस सोडून जातो आणि पुढच्या वर्षीचे ऑडिट रखडते. लहान संस्था पैशाअभावी बंद पडतात असे म्हणतात. पुष्कळदा खात्यात पैसे असतात, फक्त ते कुणीतरी "फक्त वह्यांसाठी" दिलेले असतात.

म्हणून वहीत पहिल्या दिवसापासून तीन रकाने ठेवा: विशिष्ट कामासाठी बांधलेला निधी, मोकळा निधी आणि कायम निधी, म्हणजे कॉर्पस. पत्रकावर ५,७०० लिहा, ४,५०० नको. कुणी विचारले तर ऑफिसच्या खर्चासकट आकडा आहे असे सरळ सांगा. "आमचा एकही पैसा व्यवस्थापनावर जात नाही" हे वाक्य ऐकायला गोड असले तरी ते खरे असेल तर हिशेब कोण लिहिते, असा प्रश्न जाणत्या देणगीदाराला पडतोच.

लोकांना व्यवस्थापनखर्चाची नावड असते, हे मात्र खरे. त्यावर उपाय आहे. अर्थतज्ज्ञ उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, "एका मोठ्या देणगीदाराने व्यवस्थापनाचा खर्च आधीच उचलला आहे, तुमचा पूर्ण पैसा कामावर जाईल" असे सांगितल्यावर बाकी सगळ्या पद्धतींपेक्षा जास्त देणगी आली. तेव्हा ओळखीच्या दोन-तीन जाणकारांना बाजूला घेऊन ते १,४०,००० त्यांच्याकडूनच मागा. कशासाठी हवेत ते त्यांना समजते, आणि बाकीच्यांना तुम्ही निर्धास्तपणे ४,५०० चा आकडा सांगू शकता. हा एवढाच प्रसंग, जिथे तो आकडा खरा ठरतो.

शेवटची ओळ राखीव रकमेची: तीन महिन्यांचा खर्च, इथे १,७०,०००. हे पहिल्या वर्षी जमणार नाही, पण अंदाजपत्रकात दिसू द्या. आयकरातली ८५ टक्क्यांची अट इथे लक्षात ठेवा. वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के हेतूवर खर्च व्हावे लागते, १५ टक्के कारण न सांगता राखता येतात. त्याहून जास्त राखायचे असेल तर कारण देऊन, मुदतीत फॉर्म भरून, पाच वर्षांपर्यंतच.

पायरी ३: प्रत्येक मार्गाची किंमत काढा

सूत्र सोपे आहे. त्या मार्गावर झालेला खर्च भागिले त्यातून आलेली जमा. एक रुपया आणायला किती पैसे लागले ते कळते. पगारी माणसाचा वेळ खर्चात धरा. कार्यकर्त्यांचा वेळ पैशात नाही धरला तरी तासांत लिहून ठेवा.

चॅरिटी शो घ्या. समजा कॉन्ट्रॅक्टवर घेतलेला प्रयोग १,२०,०००, नाट्यगृहाचे भाडे २५,०००, तिकीटछपाई आणि जाहिरात १५,०००, वाहतूक आणि चहापाणी १०,०००. एकूण १,७०,०००. तिकीट ५०० रुपये. पहिली ३४० तिकिटे गेली की तुम्ही शून्यावर. ५०० गेली तर जमा २,५०,०००, हातात ८०,०००, आणि प्रत्येक रुपयामागे खर्च ६८ पैसे. ३०० च गेली तर वीस हजार पदरचे. तिकिटे खपतात कार्यकर्त्यांच्या ओळखीवर, म्हणजे ज्या चाळीस माणसांकडे सरळ २,००० रुपये मागून तेच ८०,००० मिळाले असते त्यांनाच पाचशेची दोन तिकिटे गळ्यात मारली जातात. आणि तेवढे दिले की "या वर्षीचे झाले" असे ते मनात धरतात.

मग शो लावूच नये का? लावावा, पण पैशासाठी नाही, नावांसाठी. प्रेक्षकांपैकी निम्मे तरी संस्थेला नवे असतील, मध्यंतरात पाच मिनिटे संस्थेची माहिती नीट दिली, तिकिटाच्या पाठीमागे नाव-फोन लिहून घेतले आणि पुढच्या पंधरवड्यात त्यातल्या शंभरांना फोन गेले, तर त्या ६८ पैशांना अर्थ आहे. फोन करायला माणूस नसेल तर शो लावू नका. तिकिटाच्या रकमेला ८०जी ची पावती द्यायची नाही हेही लक्षात असू द्या. खुर्चीच्या मोबदल्यात दिलेला पैसा देणगी होत नाही.

स्मरणिकेचे गणित थोडे बरे असते, पण वसुली जीव काढते. तोंडी कबूल केलेल्या पानांवर विसंबून छपाई होते, अंक प्रकाशित होतो, आणि जाहिरातदार "पुढच्या महिन्यात या" म्हणतात. नियम एकच: चेक किंवा यूपीआय आल्याशिवाय मजकूर छापखान्यात जाणार नाही. जाहिरात ही सेवा आहे. तिचे बिल द्यायचे, देणगीची पावती नाही, आणि संस्थेची अशी उलाढाल वर्षाला २० लाखांवर जात असेल तर जीएसटीचा प्रश्न येतो. नुसते "अमुक यांच्या सौजन्याने" असे नाव कृतज्ञतेने लावले, त्यात धंद्याची जाहिरात नसली, तर तो जीएसटीचा विषय होत नाही.

सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित मार्ग म्हणजे दरमहा छोटी रक्कम. १५० माणसे, ३०० रुपये महिना, वर्षाचे ५,४०,०००. आपल्या अभ्यासिकेचा पूर्ण कामखर्च निघाला. थेंबे थेंबे गोळा करण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला. अशा लहान रकमेची अडचण नेहमी एकच होती: ती गोळा करायला माणूस पाठवला की रकमेतला मोठा वाटा त्याच्या पायपिटीतच जातो. यूपीआय ऑटोपे आणि ई-नाच (खात्यातून ठरल्या तारखेला आपोआप रक्कम कापण्याच्या सोयी) आल्यावर ही अडचण जवळपास संपली. १५,००० रुपयांपर्यंतच्या आवर्ती रकमेला दरवेळी पिन टाकावा लागत नाही, कापण्याच्या २४ तास आधी देणगीदाराला सूचना जाते. यूपीआयवर एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याला पडणारे बँकेचे व्यवहारशुल्क, नाही. काही गेटवे कंपन्या स्वतःचे शुल्क लावतात, ते करारात बघा. कार्डावर साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे धरले तर ५०० रुपयांतले ११ रुपये ८० पैसे जातात.

बिघाड कुठे होतो? महिन्याच्या २५ तारखेला रक्कम कापायला लावली की खाते रिकामे असते आणि मँडेट (रक्कम कापण्याची बँकेला दिलेली परवानगी) परत येते. ५ ते १० तारीख ठेवा. दर महिन्याला परत आलेल्या मँडेटची यादी काढून त्याच आठवड्यात फोन करा. यात बहुतेकांनी देणे बंद केलेले नसते, बँक बदललेली असते किंवा कार्डाची मुदत संपलेली असते. तीन महिने कुणी विचारले नाही की मात्र ते खरेच बंद होतात.

पायरी ४: मागायचे कसे

क्रम आतून बाहेर. आधी विश्वस्तांनी स्वतः द्यायचे, ऐपतीप्रमाणे, पण प्रत्येकाने. मग त्यांचे नातेवाईक, मित्र, जुने सहकारी. मग गाव. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेले आवाहन सगळे वाचतात, हात जोडतात आणि पुढे जातात. एकेकट्याला केलेल्या फोनचे तसे होत नाही. रक्कम सांगून मागा. "यथाशक्ती द्या" म्हटले की माणूस आजूबाजूला बघून १०१ किंवा ५०१ देतो. "दोन मुलांचे वर्ष, ११,४००" म्हटले की तो निदान एका मुलाचा विचार करतो.

आवाहन शून्यातून सुरू करू नका. अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट आणि डेव्हिड लकिंग-रायली यांनी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या निधीसाठी पाठवलेल्या पत्रांत "लक्ष्यापैकी इतके जमले आहेत" हा आकडा बदलून पाहिला. तो १० टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर नेला तेव्हा जमा जवळजवळ सहापट झाली. इतरांनी आधी विश्वास टाकला आहे हे दिसले की हात सैल होतो. लाखाचे लक्ष्य असेल तर निम्मे घरातून जमवून मगच बाहेर पडा.

कुणी मोठा देणगीदार म्हणाला की "तुम्ही एक लाख जमवा, मी तीन घालतो", तर मान डोलावण्याआधी थांबा. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एका अमेरिकी संस्थेच्या ५० हजारांहून जास्त जुन्या देणगीदारांवर केलेल्या प्रयोगात, जोडरक्कम जाहीर केल्यावर दर पत्रामागची जमा १९ टक्क्यांनी वाढली. पण एकास एक, एकास दोन की एकास तीन, याने काही फरक पडला नाही. म्हणजे एकास तीनची भव्य घोषणा फुकट जाते. त्यांना विनंती करा: एक लाख एकास एक म्हणून जाहीर करू, उरलेले दोन आधीच जमलेले म्हणून दाखवू. बहुतेक जण ऐकतात.

आता करसवलतीबद्दल, कारण आवाहनाची पहिली ओळ बहुधा तीच असते. जुन्या करपद्धतीत, ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने ५० टक्के वजावटीच्या संस्थेला १,००० रुपये दिले तर त्याचे ५०० उत्पन्नातून वजा होतात, उपकरासह १५६ रुपये कर वाचतो, आणि देणगी त्याला ८४४ ला पडते. या वजावटीलाही समायोजित (इतर वजावटी काढून उरलेल्या) उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. नव्या करपद्धतीत मात्र ८०जी नाहीच, आणि २०२३-२४ पासून आपोआप लागू होते ती नवीच. ज्या पगारदाराला तुम्ही "करात सूट" म्हणून पटवता आहात त्याला कदाचित एक रुपयाही सूट मिळणार नाही, आणि जुलैत विवरणपत्र भरताना तो चिडेल. सूट पत्रकाच्या शेवटी, "जुन्या करपद्धतीत" या शब्दांसह लिहा. वरची जागा कामाला द्या.

पायरी ५: पावती, पॅन आणि क्यूआरचा घोळ

पावतीवर अनुक्रमांक, तारीख, नाव, पत्ता, पॅन, रक्कम अंकी-अक्षरी, प्रकार, कशासाठी, आणि संस्थेचे नोंदणी, पॅन व ८०जी क्रमांक. पावतीपुस्तके कुणाला दिली, कधी परत आली याची स्वतंत्र वही ठेवा. उरलेली कोरी पाने असलेले पुस्तक कार्यकर्त्याच्या घरी राहणे ही जुनी आणि महागडी चूक आहे.

रोखीत २,००० रुपयांपर्यंतच वजावट मिळते. वस्तुरूप देणगीला मिळत नाही. वस्तूंच्या बाबतीत थोडे कडक राहा: जुने कपडे आणि पुस्तके निवडायला, धुवायला, ठेवायला, पोचवायला पैसे आणि जागा लागते, आणि नको असलेल्याची विल्हेवाटही तुमच्याच माथी. काय हवे, किती हवे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आधी लिहून द्या. बाकी विनम्रपणे नाही म्हणा.

वर्ष संपले की ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी मध्ये सगळ्या देणग्यांचे विवरण भरायचे आणि त्यातून निघालेले १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे. नुसत्या छापील पावतीवर वजावट आता मिळत नाही. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क, वर १०,००० ते १,००,००० दंडाची तरतूद. पॅन नसेल तर आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, रेशनकार्ड यांपैकी एक क्रमांक चालतो. नेहमी अडते ते असे: पैसे बायकोच्या खात्यातून आणि पॅन नवऱ्याचे. ३१ मार्चला पाठवलेले म्हणतात, खात्यात २ एप्रिलला दिसतात. दोन्ही ठिकाणी बँकेचे स्टेटमेंट प्रमाण माना.

आणि तो क्यूआर कोड. बॅनरवर लावला की पैसे येतात, पण स्टेटमेंटमध्ये दिसते फक्त एखादे आडनाव आणि आयडी. नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी निनावी ठरते. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतले जे जास्त, त्याच्या वरच्या निनावी रकमेवर सरळ ३० टक्के कर लागतो. समजा वर्षाच्या देणग्या ६ लाख. पाच टक्के म्हणजे ३०,०००, म्हणून मर्यादा १ लाखाची. दानपेटी आणि क्यूआर मिळून १,६०,००० निनावी आले तर ६०,००० वर १८,००० रुपये कर, शिवाय उपकर. म्हणजे दोन वस्त्यांचे सव्वादोन महिन्यांचे खोलीभाडे गेले. क्यूआरच्या शेजारीच छोट्या फॉर्मचा दुसरा कोड लावा, त्यात नाव, पत्ता, पॅन, व्यवहार क्रमांक. कार्यक्रमात एक जण त्या बॅनरपाशी वही घेऊन उभा असू द्या.

पायरी ६: स्मरणार्थ आलेली ठेव

मराठी संस्थांकडे येणाऱ्या पैशांत "कै. आईच्या स्मरणार्थ" आलेल्या रकमेचा वाटा मोठा असतो. वर्षश्राद्ध, एकसष्टी, सहस्रचंद्रदर्शन ही देण्याची निमित्ते आहेत, मार्चअखेरीपेक्षा जास्त मनापासूनची. देणगीदार बहुधा म्हणतात, "मुद्दल तसेच ठेवा, व्याजातून दरवर्षी बक्षीस द्या." दहा हजारांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७०० रुपये येतात. त्यात आज एक ढाल आणि एक पुस्तक कसेबसे बसते, दहा वर्षांनी ढालही बसणार नाही, आणि बक्षीस मात्र "कायमस्वरूपी" जाहीर झालेले असते. जुन्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये पन्नास रुपयांची रोख बक्षिसे अजून वाचली जातात ती यामुळेच.

तीन गोष्टी करा. किमान रक्कम ठरवा, ती बक्षिसाच्या आजच्या खर्चाच्या वीस-पंचवीस पट हवी. देणगीदाराकडून "ही रक्कम कायम निधीसाठी" असे लेखी घ्या, त्याशिवाय ती कॉर्पस म्हणून दाखवता येत नाही, आणि कायद्याने मान्य केलेल्या प्रकारांतच गुंतवा. पत्रात एक वाक्य घाला: "दहा वर्षांनंतर बक्षिसाचे स्वरूप बदलण्याचा किंवा इतर ठेवींसोबत एकत्र करण्याचा अधिकार विश्वस्तांना राहील." देतानाच विचारले तर कुणी नाही म्हणत नाही. वीस वर्षांनी वारसांना शोधत फिरणे अवघड.

पायरी ७: सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक खर्च

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांना (कायद्यात ठरवलेली मर्यादा: निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी) मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. संस्थेला त्यासाठी १२ए आणि ८०जी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ फॉर्मचा क्रमांक लागतो. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत या दारात उभे राहून उपयोग नाही. त्या काळात ऑडिट वेळेवर करा, तेच तुमचे प्रगतिपुस्तक.

बोलणी होताना कंपनीचा अधिकारी म्हणतो, "ॲडमिन फक्त ५ टक्के घ्या, कायदाच आहे." तसा कायदा नाही. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनखर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च त्यात मोडत नाही. म्हणून समन्वयकाचा पगार, प्रवास, हिशेबनीसाचा त्या प्रकल्पापुरता वेळ "ॲडमिन" या एका ओळीत कोंबू नका. प्रकल्पखर्चात वेगवेगळ्या ओळींनी मांडा.

दुसरी मेख हप्त्यांची. पहिला हप्ता खर्चून, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर गेल्याचा दाखला) देऊन, दुसरा यायला दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळाचे मानधन मोकळ्या निधीतून जाते. तो नसेल तर करारावर सही करू नका, किंवा पहिला हप्ता निम्म्याहून मोठा मागा. आणि फेब्रुवारीत घाईघाईने आलेला, "मार्चआधी संपवा" असा पैसा गोड मानून घेण्याआधी खरेच संपवता येईल का ते बघा.

पायरी ८: परदेशातला भाचा

न्यू जर्सीतल्या भाच्याने पन्नास हजार पाठवायचे म्हटले की पहिला प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या वैयक्तिक बचतीतून, बँकेमार्फत आलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. तो अमेरिकी नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी, तो परकीय स्रोत आहे, अगदी त्याने पुण्यातल्या रुपयाच्या खात्यातून पाठवले तरी. एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) खालच्या नोंदणीशिवाय ते घेणे गुन्हा आहे. ही नोंदणी मिळायला संस्था तीन वर्षे जुनी हवी, त्या काळात कामावर किमान १५ लाख खर्च झालेले हवेत, पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, व्यवस्थापनावर २० टक्क्यांहून जास्त जाता कामा नये, आणि दुसऱ्या संस्थेला तो पुढे देता येत नाही. पाच-सात लाखांच्या संस्थेने या भानगडीत पडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. भाच्याला सांगा, गावी येशील तेव्हा अभ्यासिकेत चार दिवस शिकव. सार्वजनिक क्यूआर कोड परदेशातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका, कारण कुणी पाठवले हे नंतर शोधता येत नाही.

पायरी ९: दुसऱ्या वर्षाची यादी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षीच्या देणगीदारांची यादी काढा आणि दोन रंगांत खुणा करा: पुन्हा दिले ते, आणि न दिलेले. नवा देणगीदार मिळवायला शो, पत्रके, पन्नास फोन लागतात, जुन्याला एक पत्र आणि एक फोन. तरी लहान संस्थांची सगळी धडपड नव्यांमागे असते, कारण जुन्यांकडे पुन्हा मागायला संकोच वाटतो. तो संकोच बहुधा मधल्या वर्षभरात काहीच न कळवल्यामुळे आलेला असतो. पत्र एका पानाचे असू द्या: किती मुले आली, किती मध्येच सुटली आणि का, किती जमा झाले, कशावर गेले, किती कमी पडले. गळतीचा आकडा लपवू नका, तो वाचूनच काही जण फोन करतात. १०बीई प्रमाणपत्र त्याच पाकिटात घालायचे असेल तर विवरण ३१ मेची वाट न बघता एप्रिलमध्येच भरून टाका.